नंदूकडं ठेवलेली रंगाची बंदूक

५ डिसें. ९९, धारूर

रविवार. एसटीडी बूथ दुपारी बंद केला. नंदूला घेऊन किल्ल्याखालच्या माळावर गेलतो, रंगाची बंदूक खेळायला. पुण्याकडं ह्या खेळाचं एक मैदान बंद पडलं तवा मी तिथून आणलेली. जुनी, जड, सगळी धातूची. मागं खडकावर आपटली तरी ओरखडा न्हाई. तिला लागणारा गॅस सोडावाल्यानं भरून दिला. रिकाम्या डब्यावर रंगाची गोळी फुटली की पिवळाधमक ठिपका! नंदू म्हणे, "मन्या, शिवरात्रीच्या जत्रंत दोघं मिळून स्टॉल टाकू बे. बंदूक तुझी, जागा मी बघतो." लई मजा आली.

१४ डिसें.

घरात तमाशा. कुणीतरी आईला सांगितलं, रंगाच्या गोळीचं टरफल जनावराच्या हाडापासून करतात. जिलेटिन. खरंय म्हणे, मला काय माहीत! आई पूजेवरून उठूनच आली. "लिंगपूजेचं घर हाय हे. आत्ताच्या आत्ता बाहीर काढ ते." बूथ घराच्याच ओसरीत, म्हणून तिथंबी न्हाई. कुणी सांगितलं इचारलं, तर नाव घेईना.

नंदू देवासारखा धावून आला. "माझ्याकडं ठीव. आमच्यात चालतंय समदं." दिली.

२० जाने.

माळावर जावं म्हणून बंदूक मागायला गेलतो. नंदू म्हणे, भंगारात दिली. "गोळी आतच फुटायलती."

मला न विचारता?

"कावून चिडतो बे? लोखंड तर होतं."

जेवण गेलं न्हाई. ती बंदूक भंगारात जाणारी न्हवतीच. पण नंदू खोटं कशाला…

महाशिवरात्र

आईला घेऊन जत्रंत. दर्शनाच्या रांगेत फट् फट् ऐकू आलं. आवाज ओळखला. नंदूचा स्टॉल. हातात माझी बंदूक, मुठीला मी गुंडाळलेली हिरवी चिकटपट्टी तशीच. मला बघून हसला. हसला भाडखाऊ!

आई म्हणाली, "लई गुणी पोरगं. त्या हाडाचं ह्यानंच सांगितलं मला. मन्मथला माझं नाव सांगू नका म्हणला."

शाळेत एका बाकावर बसलो आमी. एका डब्यात जेवलो.

दुसरा दिवस

सकाळीच नंदू दारात. बंदूक गोणपाटात. "मन्या, पंप अडकलाय, गोळी पुढं सरकंना. दुपारी जत्रा भरती. तुझ्याबिगर कुणाला जमंना."

माफीबिफी काय न्हाई. वर मान करून उभा.

मीबी येडा. घेतली. लिंबाखाली बसून खोलली. फुटलेलं टरफल अडकलेलं, बाकी ठणठणीत. पुसली, तेल दिलं. शिव्या द्यायच्या होत्या, पण हात चालतच राहिले.

तो टपरीवर चहाला गेलाय, तेवढ्यात हे खरडतोय. बंदूक मांडीवर. आत आईची पूजा चाललीय, घरात न्यायची सोय न्हाई. त्याला परत द्यायचा जीव होत न्हाई.

तिकडून वरडतोय, "झाली का बे?"

झालीय कवाच. सांगितलं न्हाई अजून.