मागून हाक

उंद्री, शनिवार, २० जानेवारी १९६२

दादाला जाऊन आज तिसरा दिवस. राख सावडून आलो, पण ती खीळ डोळ्यांपुढून हलत नाही.

गुरुवारी सकाळी दादा कापसाची गाडी घेऊन चिखलीला निघाला. गाडी दारातून वळली तेव्हा मला दिसलं, उजव्या चाकाची खीळ अर्धी बाहेर आलेली. ओरडणार तेवढ्यात आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "मांगून हाक नोको मारू! मांगच्या गल्लीतून जाय अन् समोरून सांग त्याले."

आणि मी गेलो! मांजर आडवं गेल्यानं काही होत नाही, असं शाळेत पोरांना शिकवणारा मी, देवळाला वळसा घालून दादाच्या समोर यायला धावलो. काऊन? आईचा हात तर लगेच निघाला होता. दादा दहा पावलांवर होता. नुसतं "थांब" म्हणायचं होतं.

नाल्याच्या उतारावर पोचलो तेव्हा चाक निखळून पडलं होतं आणि दादा उलटलेल्या गाडीखाली होता. खीळ मागाहून सापडली, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. अजून माझ्या खिशात आहे. आईला दाखवली नाही.

संध्याकाळी वहिनीनं विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. निघतानी त्याईले कोनी मांगून हाक मारली होती का?"

आई भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "कोनीच नाही मारली."