अप्पांच्या सहीचा कागद

मु. अणदूर
पौष शुद्ध पंचमी, शके १८६७

ती. शिवलिंग अण्णास,

जगदेवीचा शरणार्थ. इकडं अव्वा बरी आहे, काका-काकू बरे आहेत. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझी खुशाली तू कळवणार न्हाईस हे ठाऊक आहे, तरी रीत म्हणून विचारते.

हे पत्र टपालात टाकलं नाही. भाद्रपदापासून काकांनी तुला तीन पत्रं घातली, तिन्ही तू न फोडता परत धाडलीस. म्हणून ईरण्णा वाण्याच्या हाती देते. तो दर आठवड्याला सोलापूरला माल आणायला जातो. तू गिरणीत कारकुनी करतोस हे त्यानंच सांगितलं. त्याला बजावलंय की अण्णानं पत्र फोडल्याशिवाय फाटकावरनं हलायचं नाही. तुझा हट्ट मोठा असेल, पण ईरण्णाही कमी चिवट न्हाय.

येळवशीची अवस होऊन पाच दिवस झाले. शेतात पूजेला कडब्याची कोप उभारली, भज्जी, उंडे, आंबील सगळं झालं. आंबील शिंपडत शेताला फेरी काकांनी घातली. ज्वारी यंदा लई चांगली आहे, हुरडा धरलाय. गावचे देव अजून नळदुर्गच्या देवळातच आहेत, पुनवेनंतर परत येतील. तोवर गावात करमत नाही.

बघ, मी इकडचं तिकडचंच लिहीत बसले. खरं लिहायचं त्याच्याजवळ आले की हात दुसरीकडं वळतो.

अण्णा, तुला वाटतं अप्पांना तुझा विद्यार्थी संघ नको होता. अरे, तुझी पत्रं मीच त्यांना वाचून दाखवायची. भूमचा महारुद्र तुझ्याच खोलीत तापानं गेला, हॉस्टेलात आजाऱ्याला निजायला वेगळी जागा नव्हती, बघायला डॉक्टर नव्हता, पाणी उघड्या हौदाचं, हे सारं तू लिहिलंस तेव्हा अप्पा जेवले नव्हते. मग तू संघ उभा केलास. तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू बोलणारी पोरं एका अर्जावर आणलीस, दोनशे सह्या घेतल्यास. आजाऱ्यांसाठी खोली, उकळलेलं पाणी आणि आठवड्यातनं दोनदा डॉक्टर, एवढंच तुमचं मागणं. ते अप्पांना तोंडपाठ होतं. पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. लोक कंटाळले, ते कंटाळले न्हाईत.

आषाढात कॉलेजातनं तो उर्दू कागद आला. गावात उर्दू वाचणारा एक पटवारी, तो दोन दिवस तुळजापूरला गेला होता. तो येईस्तवर थांबायला काही हरकत नव्हती. पण अप्पांनी पारावरच्या चार माणसांदेखत मला हाक मारली. तू सुट्टीत मला उर्दूची पहिली शिकवलीस ना, त्याचा त्यांना भारी डौल. म्हणाले, पटवारी कशाला पाहिजे, माझी जगी वाचती की.

मला येत होती ती छापील अक्षरं. हा कागद हातानं, पळत्या अक्षरात लिहिलेला. तुझं नाव लागलं. हॉस्टेल लागलं, तबियत लागलं, खाली दस्तखत लागलं. मधलं सगळं मुंग्यांची रांग. चार माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. येत नाही म्हणायला जीभ उचलेना. मी म्हणाले, आजाऱ्यांच्या खोलीसाठी आईबापांची संमती मागितलीय.

अप्पा एवढे खूश झाले की हात धुऊन आले आणि मग सही केली. त्याच दिवशी कागद परत धाडला.

त्या कागदात काय होतं ते पंधरा दिवसांनी तू ट्रंक घेऊन दारात उभा राहिलास तेव्हा मला कळलं. नक्कल तू सगळ्यांना वाचून दाखवलीस. मुलाची तब्येत ठीक राहत नाही, म्हणून मी राजीखुशीनं त्याचं नाव कॉलेजातून काढून घेतो. खाली अप्पांची कानडी सही. तू म्हणालास, संघाच्या सभेला तीन दिवस उरले होते, बापानंच पोराला काढून नेलं म्हटल्यावर पोरं पांगली, अर्ज बासनात गेला.

"महारुद्रच्या आईला मी शब्द दिला होता. हे तुम्हीच केलंत?" असं तू विचारलंस.

अप्पांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. मी चुलीपाशी होते. मग तुला म्हणाले, "व्हय, म्याच केलं. भ्यालो."

त्यानंतर तू जे बोललास ते मी लिहीत नाही. तू पाणीसुद्धा न घेता निघालास. मी तुझ्यामागं पळणार होते, अप्पांनी माझा दंड धरला. इतका जोरात त्यांनी मला कधी धरलं नव्हतं. म्हणाले, "जगे, सांगू नको. माझ्यावरचा राग उतरंल, म्या बाप हाय. तुझ्यावर धरला तर म्या गेल्यावर तुला माहेर कोण?"

आणि मी गप्प बसले. मला गप्प बसणं सोयीचं होतं, अण्णा. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं.

अप्पा कार्तिक वद्य नवमीला गेले. लिहिलं एकदाचं. छातीत कफ भरला होता, वीस दिवस अंथरुणाला होते. काकांचं दुसरं पत्र त्याचंच होतं आणि तिसरं ते गेल्याचं. तुझ्या जागी काकांनी हात दिला. मळ्यात चिंचेखाली आपल्या रीतीनं त्यांना समाधीच्या खड्ड्यात बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं. क्रिया करणारे जंगम म्हणाले, मुलगा कुठाय. काका पुढं होऊन माती लोटू लागले.

आजारात त्यांनी मला उर्दू सोडू दिली नाही. चुकलीस म्हणून शिकणं टाकू नको म्हणायचे. पटवाऱ्याच्या घरी जाऊन मी पळतं अक्षर शिकले. तू फेकून गेलास ती नक्कल आता मला सबंध वाचता येते. रोज वाचते.

फाल्गुनात माझं लग्न आहे, अक्कलकोटचं स्थळ. तुला बोलावणं म्हणून हे लिहीत नाही. उलट, तू मला साडीचोळी करू नकोस, सणाला न्यायला येऊ नकोस, माझ्या दारात उभा राहू नकोस. माझं माहेर शाबूत राहावं म्हणून अप्पांनी तुझ्या शिव्या खाल्ल्या आणि तुझं तोंड न बघता गेले. मला तसलं माहेर नको.

तू फक्त मळ्यात ये. मी घरात आहे म्हणून पाय अडत असेल तर ईरण्णाजवळ दिवस कळव, त्या दिवशी मी काकूंबरोबर आळंदला जाईन. चिंचेखाली बस आणि अप्पांना सांग, तुम्ही केलं नव्हतं हे मला कळलं. एवढं त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझं नाव कॉलेजातनं काढणारी,
जगदेवी