हशा ओसरेपर्यंत

३ फेब्रुवारी, सकाळी

पेपरात आलं! आमची जुनी टीव्ही मालिका ‘क्विगलीची खानावळ’ परत येतेय. जवळजवळ चाळीस वर्षांनी. मी केव्हापासून म्हणत होतो.

बातमीत मिसेस क्विगलीचं नाव आहे, दोन्ही मुलांची आहेत, मांजराचंसुद्धा आहे. (मांजर तिसऱ्या सीझनमध्येच वारलं, नंतरचं दुसरं होतं.) मिस्टर ओर्म्सबीचं, म्हणजे मी करायचो त्या पात्राचं, नाव नाही. उघड आहे. हुकमाचं पान कोणी आधी दाखवत नसतं.

संकल्प : आवाज कमावणे. पोट कमी करणे. फोनजवळ राहणे.

४ फेब्रुवारी

फोन नाही.

५ फेब्रुवारी

फोन नाही. बिघडला असावा. रोंडाला तिच्या दवाखान्यातून माझ्या नंबरवर फोन करायला लावला. वाजला. म्हणजे बिघाड स्टुडिओच्या बाजूला आहे.

रोंडा माझी मुलगी, दातांची डॉक्टर. लोकांच्या तोंडात सतत बघून तिचा आशावाद गेला आहे. म्हणाली, डॅड, चांगली चालली, चांगली संपली. आता कशाला उकरून काढताय? मी म्हटलं, चौथीत मिस हॅलोरननी आमच्याकडून कविता पाठ करून घेतल्या, त्या मी आजही दर गुरुवारी वाचनालयातल्या कवितामंडळात म्हणतो. झाली एकदा ऐकून, आता पुरे, असं कोणी म्हणतं का? रोंडा म्हणाली, कविता म्हाताऱ्या होत नाहीत, डॅड.

हा टोला नेमका कुणाला होता ते विचारायचं राहिलं. तिच्या पेशंटची भूल उतरायच्या बेतात होती.

११ फेब्रुवारी

व्हर्नाबरोबर जेवण, नेहमीच्या डेलीत, म्हणजे सँडविचच्या दुकानात. व्हर्ना लिंडक्विस्ट, आमची मिसेस क्विगली. तिला स्टुडिओचे तीनदा फोन आले आणि तिन्ही वेळा ती नाही म्हणाली! मला वाटलं, पास्ट्रामी सँडविचचा घास घशात अडकून मी तिथेच जाणार.

म्हटलं, का? म्हणाली, मर्व, लोकांना मालिका नकोय. त्यांना मालिका लागायची ते मंगळवार परत हवेत. आई स्वयंपाकघरात, बाप सोफ्यावर, भावंडांची उशीवरून मारामारी. ते मी कुठून आणून देऊ?

मी कवितेचा मुद्दा मांडला. ती म्हणाली, कविता परत म्हणणं वेगळं. तू तिला चाळीस वर्षांनी आणखी चार कडवी जोडायला निघालायस, तेही खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर. मी म्हटलं, ऑपरेशन एकाच खुब्याचं झालंय. दुसरा मूळचा आहे.

मग मीही सुनावलं. म्हटलं, आपण जिवंत आहोत तर ती माणसं का मेली म्हणून सोडून द्यायची? ओर्म्सबीचं पुढे काय झालं हे कुणाला कळायला नको? मालिका बंद झाल्यावर मी काय केलं, तर सोफ्यांच्या जाहिराती आणि पर्यटकांच्या जहाजावर सूत्रसंचालन. मला पैसा नको, फोटो नको. एकदा खानावळीचं ते मागचं दार उघडायचंय, टोपी काढायचीय, हुंगायचंय, आणि म्हणायचंय, “आजसुद्धा कोबीच?” आणि तो हशा ऐकायचाय. एकदाच.

व्हर्ना लोणच्याची काकडी बशीत इकडून तिकडे फिरवत राहिली. मग म्हणाली, खरंच इतकं हवंय तुला? मी म्हटलं, मला काय, लोकांना हवंय.

अर्धं सँडविच तसंच टाकून गेली. मुद्दा पटला की माणसाची भूक मरते.

१८ फेब्रुवारी

पेपरात : व्हर्नाने होकार दिला. बघा!

१९ फेब्रुवारी, दुपारी

फोन आला!! त्यांचा क्रम अगदी बरोबर आहे. आधी तिला हो म्हणायला लावलं, मग निर्धास्त होऊन मुख्य माणसाकडे वळले.

फोनवर पेटन नावाची मुलगी. मालिकेची सगळी सूत्रं हिच्याकडे. आवाजावरून अजून शाळेत असावी. म्हणाली, मर्विन, तुम्ही लेजंड आहात! (आमच्या काळी पंचवीस वर्षांखालचं माणूस मला मिस्टर झेल्निक म्हणायचं. असो.) म्हणाली, व्हर्नाच्या अटीप्रमाणे तुम्हाला घ्यायचं तर नक्कीच आहे, फक्त औपचारिकता म्हणून घरीच ऑडिशनची एक टेप करून पाठवा.

अट कसली ते विचारलं नाही. नट्यांच्या अटी मला ठाऊक आहेत. वेगळी व्हॅन, गरम पाणी.

२३ फेब्रुवारी

टेप झाली. रोंडाने मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर उभा केला आणि मिसेस क्विगलीची वाक्यं वाचली, एखाद्याला दाढ काढायची आहे हे सांगावं तशा आवाजात.

मी दार उघडलं. टोपी काढली. हुंगलं. “आजसुद्धा कोबीच?” आणि थांबलो. रोंडाने मोबाइल बंद केला. म्हणाली, काय झालं डॅड, विसरलात? म्हटलं, विसरतोय कसला, हशासाठी थांबलोय. म्हणाली, पण हसतंय कोण? म्हटलं, हसतील.

आता हिला काय समजवायचं. शुक्रवारी संध्याकाळी चित्रीकरणाला स्टुडिओत दोनशे माणसं लाकडी पायऱ्यांवर बसलेली असायची. हशा चढतो, माथ्यावर येतो, ओसरायला लागतो. पुरता ओसरायच्या आत, पण चढताना कधीच नाही, तेव्हा पुढचं वाक्य टाकायचं : “मग आपण बाहेर जेवतो.” आणि हे म्हणून ओर्म्सबी खुर्ची ओढून गळ्यात नॅपकिन बांधून तिथेच जेवायला बसतो. दुसरा हशा पहिल्यापेक्षा मोठा. हे मला नाट्यशाळेने नाही, मिस हॅलोरननी शिकवलं. ओळ संपली की थांबा रे, कवितेला श्वास घेऊ द्या, असं त्या म्हणायच्या आणि पट्टी उगारायच्या.

टेप ठरल्यापेक्षा जरा लांबली. रोंडाचे दोन पेशंट खोळंबले.

९ मार्च

सगळ्यांनी टेबलाभोवती बसून पहिलं वाचन. माझ्या खुर्चीवर माझं नाव! व्हर्नाने गालाला गाल लावला. छान दिसत होती, पण थकलेली. हिला मुळात नको होतं तर आली कशाला, कळत नाही.

वाचनात एक गैरसोय झाली. मी वाक्य टाकून थांबलो की शेजारी बसलेला दाढीवाला हळूच पुढचं वाक्य कानात सांगायचा. मी मान हलवून आणखी थांबायचो. तो आणखी मोठ्याने सांगायचा. शेवटी माझ्यापुढे मोठ्या अक्षरांतली संहिता आली, पाण्याचा ग्लास आला, आणि एका मुलीने पाठीवर हात फिरवून विचारलं, थोडा वेळ बाहेर बसायचंय का?

व्हर्ना म्हणाली, अरे, तो हशासाठी थांबतोय. सगळे माझ्याकडे बघून गोड हसले. तसलं हसू मला मुळीच नको होतं.

१० मार्च

भयंकर बातमी. ऑडियन्स नाही! लाकडी पायऱ्या नाहीत, मागून घातलेला हशासुद्धा नाही. एक कॅमेरा, अर्धा अंधार.

पेटनला फोन केला. ती म्हणाली, मर्विन, आता लोक एकेकटे फोनवर बघतात. हशा ऐकू आला की त्यांना वाटतं कोणीतरी आपल्याला कोपराने ढोसतंय. मी म्हटलं, माणसाला हसायला ढोसावंच लागतं, आपणहून कोण हसतंय? त्यावर ती म्हणाली, वा, किती करुण! हे संहितेत घेऊ का?

माघार नाही. ऑडियन्स नसेल तर ऑडियन्स नेऊ.

१४ मार्च

कवितामंडळात ठराव मांडला. मिस्टर ओडेल (निवृत्त पोस्टमन, आवाज खणखणीत) आणि मिसेस फुजिमोटो (निवृत्त शिक्षिका, हसताना खांदे उडतात) शूटिंगला यायला एका पायावर तयार. माझे पाहुणे म्हणून येतील आणि कोबीवर हसतील. दोनशेंचं काम दोघांनी करायचं तर तालीम हवी. आज तालीम केली. वाचनालयाच्या बाईंनी बाहेर काढलं. म्हणजे हशा पोचतोय.

२० एप्रिल

शूटिंग झालं. झकास!

स्वयंपाकघर हुबेहूब तसंच उभारलंय, फक्त सगळ्यावर करडा रंग. नव्या गोष्टीत खानावळ बंद पडलीय, मिसेस क्विगली एकटी टेबलाशी बसलीय, चुलीवर काही नाही. मी पेटनला म्हटलं, चुलीवर काही नाही तर कोबीचा वास कुठून येणार? ती म्हणाली, एक्झॅक्टली!

पाहुण्यांना कॅमेऱ्यामागे खुर्च्या दिल्या आणि बजावलं, आवाज केलात तर बाहेर. मी मिस्टर ओडेलना डोळा मारला.

दार उघडलं. टोपी. हुंगलं. “आजसुद्धा कोबीच?”

थांबलो. काही नाही. अंधारात पायऱ्यांच्या जागी बघितलं. मिस्टर ओडेल रुमाल काढत होते. वाटलं, हशा दाबत असतील, आता फुटेल. आणखी थांबलो. मिसेस फुजिमोटोंचे खांदे उडत होते, पण आवाज नाही. आणखी थांबलो. हशा दोघांचा असो की दोनशेंचा, चढायच्या आत पुढचं वाक्य टाकणं माझ्या रक्तात नाही.

तेवढ्यात व्हर्ना उठली. संहितेत उठणं नाही. जवळ येऊन तिने माझा हात धरला, म्हणाली, “बैस, ओर्म्सबी. बैस.” बिचारी आपलं वाक्य विसरली होती. मी प्रसंग सांभाळून घेतला, “मग आपण बाहेर जेवतो” म्हटलं आणि नॅपकिन बांधला.

पेटन रडत होती. पहिल्याच टेकमध्ये ओके.

परतताना पाहुण्यांना जाब विचारला. मिस्टर ओडेल म्हणाले, मर्विन, माफ कर रे, तू तिथे उभा राहिलास आणि मला माझा थोरला भाऊ आठवला. म्हटलं, तुमचा भाऊ विनोदी होता का? म्हणाले, शेवटी शेवटी मला ओळखायचा नाही.

याचा इथे काय संबंध? पुढच्या वेळी दुसरे पाहुणे.

१२ सप्टेंबर, रात्री

रोंडाकडे सगळ्यांनी मिळून पहिला भाग बघितला.

त्यांनी माझं दुसरं वाक्य कापलं! नॅपकिनही कापला! दार, टोपी, कोबी, आणि मग नुसता माझा चेहरा. पडदाभर. किती वेळ! डोळे अंधारात काहीतरी शोधतायत. मग व्हर्नाचा हात, “बैस, ओर्म्सबी,” आणि काळोख.

खोलीत कोणी हसलं नाही. रोंडा उठून माझ्या पायाशी येऊन बसली आणि गुडघ्यावर डोकं ठेवलं. लहानपणी ठेवायची तसं. मी म्हटलं, अगं, पुढे विनोद आहे, त्यांनी कापलाय. ती म्हणाली, हो डॅड, मला माहीत आहे.

१४ सप्टेंबर

पेपरात माझा फोटो. ‘स्मृती हरवत चाललेल्या वृद्धाचं काळीज पिळवटणारं दर्शन. झेल्निक यांचं ते एक मौन संपूर्ण जुन्या मालिकेपेक्षा मोठं आहे.’

मौन? ते मौन नव्हतं, ते टायमिंग होतं!

पेटनचा फोन : देश रडतोय, मर्विन! दुसऱ्या सीझनमध्ये तुम्हाला बोलायचीसुद्धा गरज नाही. दुपारी आणखी दोन फोन. एका चित्रपटात बायकोला न ओळखणारा आजोबा, आणि स्मरणशक्तीच्या गोळ्यांची जाहिरात. जाहिरातीत गोळीच्या आधीचा माणूस मी. नंतरचा दुसरा कोणी.

व्हर्नाचाही फोन. म्हणाली, मर्व, मी त्यांना कळवळून सांगितलं रे, पुढचं वाक्य ठेवा, नाहीतर मला काढा. ऐकलं नाही. मी म्हटलं, माझ्या वाक्याचं तुला एवढं काय? ती मग म्हणाली, काही नाही. तुला एकदा हशा ऐकायचा होता ना, म्हणून. मी म्हटलं, ऐकेन की. हा दिग्दर्शनाचा दोष आहे. जुन्या मालिका परत आल्याच पाहिजेत, फक्त नीट आल्या पाहिजेत. ती म्हणाली, जेवलास का?

संकल्प : दुसऱ्या सीझनला लाकडी पायऱ्यांची लेखी मागणी. थांबणं मात्र सोडायचं नाही. उलट वाढवायचं.

२१ सप्टेंबर

भाजी आणायला गेलो होतो. घरात काही नव्हतं. कोबीच्या ढिगापाशी एक गड्डा हातात घेऊन जरा उभा होतो. इतकंच. पलीकडून एक बाई ट्रॉली सोडून धावत आली. ओळख लगेच पटली तिला, डोळे भरून आले. गड्डा हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि अगदी सावकाश, मोठ्या आवाजात म्हणाली, मिस्टर ओर्म्सबी, घाबरायचं नाही हं. आपण कुठे राहतो, आठवतंय का?

आजूबाजूचे लोक थांबून बघत होते. चांगले वीस-पंचवीस होते. कितीतरी वर्षांनी इतके.

मी सगळ्यांकडे एकदा बघितलं, टोपी काढली, जरा थांबलो आणि पत्ता सांगितला. घर नंबर, रस्ता, पिनकोडसकट.

अगदी बरोब्बर, असं म्हणून तिने टाळ्या वाजवल्या.