गाळा क्रमांक सात आणि सरकत्या जिन्याची किल्ली

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम आणि कपडे कमीजास्त करून देणे, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब आणायला दोघे येऊन गेले, एक बिल्डर आणि एक माझा मुलगा. दोघांनाही चहा पाजून परत पाठवलं. कागदोपत्री नाव सहीत वाचावं. मॉलमध्ये मला सगळे 'सात नंबर' म्हणतात. यापूर्वीचं मृत्युपत्र, ज्यात सगळं मुलाला होतं, ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर मुलाला. स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद करून मग केसभर मागे आणावा लागतो, तरच गळायचा थांबतो. त्याने घर विकलं तरी माझी हरकत नाही. मुलगा मनाने चांगला आहे, पण कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचा भाव विचारतो, म्हणून पुढचं कलम त्याच्या नावावर नाही.

कलम २. तळमजल्यावरचा गाळा सात माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला. अट एकच. दहा वर्षं विकायचा नाही आणि रोज सकाळी दहाला शटर वर गेलं पाहिजे. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, अशी अट कोर्टात टिकेलच असं नाही." मी म्हटलं, "कोर्टात नाही टिकली तरी चालेल, भाचीच्या डोक्यात टिकू दे."

का, ते लिहून ठेवते. मॉल उघडला त्याला अठरा वर्षं झाली. वीस गाळे खाली, वीस वर. आमच्या आईचं घर विकून ताईने आणि मी एकेक गाळा घेतला. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा खालचा गाळा ताईला लागला होता. "तुझी मशीन कोण वर चढवणार?" असं म्हणून तिने आपणहून वरचा बत्तीस नंबर घेतला आणि तिथे खेळण्यांचं दुकान थाटलं. आज चाळीसांपैकी सहा शटरं उघडतात. कारंज्याच्या हौदात वॉचमन बादल्या ठेवतो. बिल्डरला हे सगळं पाडून उंच इमारत उठवायची आहे आणि त्यासाठी प्रत्येक गाळेधारकाची सही लागते. अडतीस सह्या त्याच्या खिशात आहेत. राहिल्या दोन, माझी आणि ताईची. माझी मिळणार नाही. ताई मात्र म्हणते, "वर कोण येतंय गं आता? सोमवारी देऊन टाकते सही."

कलम ३. शिवणयंत्र, कात्र्या आणि बटणांचे डबे मोबाइल दुरुस्तीवालीला. ती स्क्रू शोधायला माझ्याकडेच येते, आता डबाच घेऊन जा म्हणावं. मोठ्या कात्रीने कागद कापलेला मला चालणार नाही, मेल्यावरसुद्धा.

कलम ४. वॉचमनला माझी पाठीची खुर्ची. गिऱ्हाइकांसाठीचं स्टूल चष्मेवाल्याला. एक पाय आखूड आहे हे मला माहीत आहे. त्याने अठरा वर्षांत मला चारदा चष्मा विकला आणि एकानेही दोरा नीट ओवता आला नाही. त्याने त्यावर बसावं.

कलम ५. बँकेतल्या ठेवीतून सरकत्या जिन्याची देखभाल पुढची पाच वर्षं व्हावी. उरेल ते मुलाला.

हे कलम लिहिताना पेन तीनदा खाली ठेवलं. मॉलला सरकता जिना एकच बसवला होता. तो वर न्यावा की खाली आणावा यावर सभा झाली. तेव्हा लिफ्ट चालू होती आणि वर सिनेमागृह येणार असं बिल्डरने सांगितलं होतं. चष्मेवाल्याने डोकं लढवलं. लोक लिफ्टने सिनेमाला जातील आणि जिन्याने दुकानं बघत उतरतील. मतं पडली वीस विरुद्ध वीस. मी सभेची सचिव, निर्णायक मत माझं. जिना जिथे संपतो तिथे माझं दार आहे. मी म्हटलं, "खाली." ताई शेजारीच बसली होती.

सिनेमागृह आलंच नाही. लिफ्ट दुसऱ्या वर्षी बंद पडली ती पडलीच. मग वर जायला बेचाळीस दगडी पायऱ्या आणि खाली यायला ऐटीत जिना, असा जगात कुठे नसेल असा मॉल आम्ही चालवला. माणसं वर जाईनात. पाचव्या वर्षी वरच्यांनी जिना उलटा फिरवा म्हणून अर्ज दिला. मी मेकॅनिकला विचारलं. तो हसला, पिशवीतून एक बोटभर किल्ली काढली आणि म्हणाला, "बाई, जिना थांबवायचा आणि ही फिरवायची. झालं!" किल्ली माझ्या ताब्यात देऊन गेला.

सभेत मी सांगितलं की कंपनी म्हणते, सगळं यंत्र उपसावं लागेल.

खोटं बोलले. त्या वर्षी माझा धंदा जोरात होता. पुढे खालची दुकानंही बसली, कारण वर कुणी जाईना तर खाली उतरणार कोण? तेव्हा तरी सांगायचं होतं. पण तोवर इतकी वर्षं झाली होती की तोंड उघडायची लाज वाटली. ताई रोज बेचाळीस पायऱ्या चढत राहिली. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी तिला घरी बसवलं. मॉल लोकांनी ओस पाडला नाही, बिल्डरनेही नाही. सुरुवात मी केली आणि ती मला निस्तरायची आहे.

~~कलम ६. सदर किल्ली माझ्या मृत्यूनंतर ताईला द्यावी.~~

कलम ६ मी स्वतः खोडलं आहे, कारण पुढीलप्रमाणे. साक्षीदार म्हणून मला ताईच हवी होती. मला अक्षर गिरवायला तिने शिकवलं, माझी सही तिच्याइतकी कोण ओळखणार? वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्रात ज्यांना काही मिळतं, त्यांना साक्षीदार करू नका." तेव्हा लख्ख कळलं. किल्ली मेल्यावर द्यायची म्हणजे बोलणी न खाता सुटायचं. तसं सुटायचं नाही मला.

आज ताईला बोलावून घेतलं. काठी टेकत आली. किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"किती वर्षं?"

"तेरा."

तिने किल्ली उजेडात धरून उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, "कुठे लावायची ही?"

वॉचमनने जिना थांबवला. ताईने वाकून स्वतः किल्ली फिरवली. खडखड झाली, चष्मेवाला बाहेर धावला, आणि जिना वर निघाला. ताईने कठडा धरला, पाय ठेवला आणि मागे न बघता म्हणाली, "ते मृत्युपत्र घेऊन ये वर. खाली बसून मी सही करणार नाही."

सदर किल्ली आता माझ्या मिळकतीत नाही. बाकी कलमं कायम.

लिहून देणार: (सही) सात नंबर

साक्षीदार १: (सही) वकीलबाई. आम्ही दोघी साक्षीदार हजर असताना यांनी सही केली. कलम २ च्या अटीबद्दल माझं मत कायम.

साक्षीदार २: (सही) थोरली बहीण. सगळं वाचलं. माफ केलेलं नाही, ते रोज दुकानात येऊन बघू. या सोमवारी मी दुसऱ्या एका कागदावर सही करणार होते. ती करत नाही.

ठिकाण: ~~तळमजला, गाळा सात~~ पहिला मजला, गाळा बत्तीस
दिनांक: अकरा मार्च, सकाळी साडेअकरा, शटर वर