तुझी नसलेली सही

प्रिय ताई,

घाईघाईत लिहितेय, म्हणून अक्षर वेडंवाकडं येईल. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे आणि आज तर दुपारी दोनदा वाढून घेतलं.

नऊ देशांच्या महासंघाच्या या कचेरीत येऊन मला चार महिने झाले. दार ढकलायचं की ओढायचं, हे अजून रोज चुकतं. रुजू होताना शपथ घ्यावी लागली की कामात कुठल्याही एका देशाचं ऐकणार नाही, स्वतःच्या देशाचंसुद्धा. तेव्हा तूच डोळ्यांपुढे होतीस: सरहद्दीच्या नाक्यावर फाटक वर-खाली करणारी, टोपीवरचं राजचिन्ह रोज फडक्यानं पुसणारी.

गेल्या सोमवारी माझ्या टेबलावर नाके बंद करण्याची फाईल आली. यादीत तुझा नाका तिसरा. महासंघाचा नियम असा की आधी तिथल्या माणसांना विचारायचं. आपल्या सरकारनं कळवलं होतं, विचारलं, कुणाचीही हरकत नाही. सोबत सगळ्यांच्या सह्या. तुझीही होती, शेवटी झोकदार फराटा मारलेली. ताई, दहावीपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकावर आईच्या ऐवजी तूच सही करायचीस. पेन इतकं दाबतेस की कागदाच्या मागून बोट फिरवलं तरी कळते. हा कागद मागून गुळगुळीत होता.

दोन दिवस फाईल नुसती उघडत-मिटत राहिले. बोलले तर बहिणीसाठी बोलले असं होणार, गप्प बसले तर शपथ मोडणार. शेवटी आमच्या विभागप्रमुख बाईंना नातं आणि संशय, दोन्ही लिहून दिलं. फाईल माझ्याकडून काढून घेतली, ते बरंच झालं. मग आपल्या देशाचे प्रतिनिधी तणतणत आले. आमच्या नाक्यावर कुणाला विचारायचं हा आमच्या घरातला प्रश्न, तुम्ही बाहेरचे कोण? माझ्याकडे वळून म्हणाले, आणि तू गं, तू नक्की कुणाची? बाई चहा ढवळत म्हणाल्या, घरातल्यांना तुम्ही विचारलं असतंत, तर बाहेरच्यांवर ही पाळी आली नसती.

आज सकाळी फलकावर आदेश लागला. नाके बंद करणं थांबवलंय, सुनावणी होणार, नाक्यावरच्या प्रत्येकाला बोलावणं जाणार. मी जिन्यातच बसून एकटी हसत होते.

आता पत्र का लिहिलं, ते सांगते. बोलावणं आलं की तू म्हणशील, मी अर्धवट शिकलेली, तिथे काय बोलणार, धाकटी घेईल सांभाळून. नाही गं, मला घेता येणार नाही. बाईंनी पत्राला परवानगी दिली, पण भाषण लिहून द्यायचं नाही, ही अट. आणि खरं सांगू? मला वाटतं फाटक जायलाच हवं. ते उघडायची वाट बघत रांगेत तिष्ठणारी आजारी माणसं मी लहानपणी तुझ्याच केबिनमधून पाहिलीत. तुला तसं वाटत नाही, ठाऊक आहे. तेच येऊन सांग, आपल्या भाषेत, नाक्यावर ड्रायव्हरांना दटावतेस त्या आवाजात. दुभाषी आहेत. मी मागच्या बाकावर तोंड मिटून बसेन. माझ्या विरुद्ध बोल, ताई, पण तू बोल.

तुझीच,
धाकटी