बिनआवाजाची लेन्स

१८ जानेवारी

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही मजेत. आईचं आणि तिच्या गुडघ्यांचं भांडण चालूच आहे. तू यायचं रद्द केलंस हे कळल्यापासून बोलायचं होतं, पण फोनवर बाबा शेजारीच असतात, म्हणून हे पत्र.

तू पाठवलेली लेन्स पोचली. स्टुडिओत येईल त्याला बाबा ती दाखवत सुटले होते. "पूर्वी फोकस लावायला मोटरला जड भिंगं रेटायला लागायची. आता आतली एकच पातळ काच हलते, आवाजसुद्धा येत नाही. ही मोटर आमच्या धाकट्याने केलीय." ऐकणारे कंटाळायचे, बाबा नाही.

आणि तरी दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावर जुनी घरघरणारी लेन्सच. विचारलं तर म्हणाले, "हात बसलाय गं हिच्यावर." मीही बावळट, मला ते पटलं.

गेल्या आठवड्यात मीच हट्टाने नवी लावून दिली. पासपोर्टच्या फोटोसाठी एक गृहस्थ आले होते. ते भांग नीट करायला हळूच उठून आरशापाशी गेले. कॅमेऱ्याचा टिक वाजला. "छान. हनुवटी जरा वर," बाबा म्हणाले, आणि त्यांनी रिकाम्या खुर्चीचे तीन फोटो काढले. आरशापाशी ते गृहस्थ कंगवा धरून तसेच उभे राहिले. मला कुठे बघावं कळेना.

दुकान बंद केल्यावर बाबा बोलले. वर्षभर समोरचं नीट दिसत नाही, मधोमध नुसतं धुकं. ते कानाने काम करत होते रे. खुर्चीवर माणूस असला की जुनी मोटर लवकर थांबते, मागच्या पडद्यापर्यंत जायचं तर जास्त फिरते. त्या घरघरीवरून त्यांना कळायचं. टिक वाजतो तो फोकस लागला एवढंच सांगतो, कुणावर लागला ते नाही. तुम्ही एवढं खपून जो आवाज घालवलात, त्याच आवाजावर त्यांचं चाललं होतं. तुला बोल लावत नाही. फक्त फार वाईट वाटतं.

डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आणि उरलंय तेही कमी होतंय. तुला कळवायचं नाही अशी बाबांनी शपथ घातलीय. घालू देत.

तू म्हणालास, "व्हिडिओ कॉलवर बाबा तोंड फिरवून बसतात. माझं इकडे येणं त्यांनी अजून माफ केलेलं नाही, तर येऊन काय करू?" अरे, समोर बघितलं की तू धुक्यात जातोस. मान वळवली की डोळ्याच्या कडेला थोडासा दिसतोस. तोंड फिरवून ते तुलाच बघत असतात.

त्यांना दिसतंय तोवर ये.

तुझी,
ताई