पावणेपाच टक्क्यांचा कागद

१२ फेब्रुवारी १९६८, दुसरबीड
अकोल्याच्या दलालाचं पत्र आलं. हजाराचा माझा सरकारी कर्जरोखा तो नऊशे दहाला घेतो म्हणे. नऊशे दहा! चार वर्षांमागं वच्छलेच्या पाटल्या मोडून घेतला, तेव्हा तिला छातीठोक सांगितलं होतं — सरकारचा कागद आहे, पैसाही कमी व्हायचा नाही. लेक सिंधूच्या नर्सिंगच्या शाळेत साडेनऊशे भरायचेत, सोळा मार्चपर्यंत. नाही भरले तर जागा दुसऱ्या मुलीला. पत्र खिशातच ठेवलं. बायकोला काय तोंड दाखवू?

१३ फेब्रुवारी
न राहवून पारावर बोललो. हा कागद सालाला पावणेपाच टक्के देतो. सरकार आता नवे कागद काढतं ते पावणेसहा देतात. मग जुना पुऱ्या किमतीला कोण घेईल? कोणाला काही कळेना. शेवटी म्हणालो, तुमची म्हैस पाच शेर दूध देते, तेवढ्याच पैशात बाजारात सहा शेरवाली मिळते, तर तुमचीचा भाव पडणार की नाही?

शेतकरी उकंडरावानं बोटांवर शेर मोजले. मग म्हणाला, "म्हंजे मास्तर, बाकीच्या म्हशी आटवल्या तं आपली महाग होते."

तत्त्वतः बरोबर आहे, असं मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

१५ फेब्रुवारी
ग्रामपंचायतीचा ठराव — दुसरबिडात यापुढं कोणी नऊ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घ्यायचं नाही. कारण: मास्तरांचा कागद चढावा. मी उभा राहून सांगितलं, व्याज म्हणजे रिझर्व्ह बँकेचं, मुंबईचं. आपल्या गावाचा काय संबंध? सरपंच उत्तमराव म्हणाले, "कुठून तरी सुरू कराच लागते ना." सगळ्यांचे हात वर. माझाही. पोरगी माझीच आहे शेवटी.

सावकार इंद्रभान चोवीस टक्के घेतो. तो ना पारावर आला, ना सभेला. ठराव कळताच दुकान बंद करून बसला.

१८ फेब्रुवारी
गाद्या भरणारा शकूर पिंजारी अडल्यानडल्याला पाच-पंचवीस रुपये देतो, व्याज घेत नाही. त्याच्या धर्मात बसत नाही. आज त्याचा सत्कार झाला. कागदाला खरा टेका त्याचाच म्हणे! नारळ घेऊन थेट माझ्याकडं आला. "गुरुजी, मी केलं तं काय केलं?" त्याचाच नारळ फोडून दोघांनी खाल्ला.

२४ फेब्रुवारी
इंद्रभाननं दुकान उघडलं. नऊ टक्क्यांनी. पडून राहिलेला पैसा बघवला नसेल.

४ मार्च
पेपरात बातमी. रिझर्व्ह बँकेनं दर सहावरून पाचावर आणला!

पारावर गूळ वाटला. मी कळवळून सांगितलं, योगायोग आहे. उकंडराव म्हणाला, "ठराव पंधराले झाला. मुंबईले खबर पोचाले एवढे दिवस लागतेच." हिशेब बरोबर होता, म्हणून जास्तच चीड आली.

८ मार्च
दलाल आता नऊशे पंचावन्न देतो. फी भागून पाच रुपये उरतात. लगेच होकार कळवणार होतो, तर उत्तमराव दारात. "आता इकू नका मास्तर. मंगळवारी सहा टक्क्यांवर आणतो." हसून वाटेला लावलं. मग पाटी घेऊन मांडून पाहिलं. मुंबईचा दर आणखी टक्काभर उतरला तर पुरे हजार. वच्छलेच्या हातात अख्खे हजार ठेवता येतील. बावीस वर्षं गणित शिकवतोय मी. हा सगळा मूर्खपणा आहे हे मला पक्कं माहीत आहे. तरी दलालाला पत्र टाकलं नाही. लाज वाटते.

१२ मार्च
सहा टक्क्यांचा ठराव मंजूर. हिवरा आश्रम गावाकडचे दोघं मुद्दाम विचारायला आले — दुसरबीड पुढं किती उतरवणार? उत्तमराव गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आत्ताच सांगता येत नाही."

मुंबईहून काही नाही. वच्छला फीचं काहीच विचारत नाही. तेच बोचतं.

१५ मार्च
उद्या शेवटचा दिवस. चौथा तास सोडून घरी पळालो — मिळेल त्या भावाला विकायचा, अकोल्याची गाडी धरायची. पेटी उघडली. रोखा नाही.

१६ मार्च
सिंधूची फी वच्छलेनं फेब्रुवारीतच भरली आहे. रोखा इंद्रभानकडं गहाण आहे, नऊ टक्क्यांनी. भावबिव त्यानं विचारलाच नाही. सरकारी शिक्का पाहून पुऱ्या हजाराचा धरला. मागं माझी सही आहे. मुलांच्या प्रगतिपुस्तकांच्या गठ्ठ्यात सरकवून घेतली, मी न वाचताच सह्या करतो म्हणून.

मला का नाही सांगितलंस, विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी भाव पाहून राह्यले होते. पोरीले जाचं होतं."